बिघाडाची पेटी

"तुमच्या हातून बिघडलेलं एखादं काम दाखवता का?" आईनं विचारलं.

कोल्हापूरचे ते डॉक्टर माझ्याशी बोलत होते, ते एकदम थांबले. समोर काचेच्या ताटलीत आत बसवायचे सिलिकॉनचे नमुने मांडलेले होते. त्यातला एक आईनं मघाशीच उचलला होता. उलटासुलटा करून, बोटानं कड चाचपून ती "याला शिवण कुठाय?" असंही विचारून बसली होती. तेवढं डॉक्टरांनी हसण्यावारी नेलं होतं.

"बिघडलेलं म्हणजे?"

"म्हणजे करायला गेलात एक आणि झालं भलतंच, असं. फोटो असला तरी चालेल."

"बाई, हे हॉस्पिटल आहे."

"होय की. म्हणून तर विचारतेय."

पाच मिनिटांत आम्ही रस्त्यावर होतो. आईनं पदर खांद्यावर घट्ट ओढला आणि म्हणाली, "हा नको."

"आई, डॉक्टरांना असं कुणी विचारतं का?"

"मी विचारते."

या गोष्टीला बारा वर्षं झाली. मी तेव्हा तिशीची होते, कराडच्या एका कॉलेजात ग्रंथपाल. आईचं तिथंच शनिवार पेठेत 'खटावकर लेडीज टेलर' हे दुकान होतं. दोन मशिनं, एक कापायचं टेबल आणि टेबलाखाली एक पत्र्याची पेटी. त्या पेटीत आईच्या स्वतःच्या हातून बिघडलेली एकूण एक वस्तू होती. उलटी बसलेली बाही, मान आवळणारा गळा, एकीकडं टक्स वर आणि एकीकडं खाली गेलेला ब्लाउज. गिऱ्हाइकाला ती नवं कापड आणून शिवून द्यायची आणि बिघडलेलं घडी करून पेटीत ठेवायची.

शिकायला नवी बाई आली, की आई तिला मशिनवर बसवत नसे. पेटीतली एक वस्तू तिच्या हातात द्यायची आणि विचारायची, "काय चुकलंय?" बाईनं तोंडानं नेमकं सांगितलं, तरच उसवायला ब्लेड मिळायचं. आधी बिघाड, मग ब्लेड. काहीजणी पहिल्याच दिवशी निघून गेल्या. शालनमावशीला तीन दिवस लागले, आणि पुढं ती वीस वर्षं राहिली.

"ज्याच्याकडं बिघाड नाही," आई म्हणायची, "त्यानं एकतर शिवलं नाही, नाहीतर जाळून टाकलं. दोघांच्या हातात कापड द्यायचं नाही."

माझ्या बाबतीत प्रश्न कापडाचा नव्हता. चोवीस वर्षांची असताना माझ्या डाव्या स्तनातली गाठ काढली होती. गाठ साधी निघाली, त्याबद्दल आईनं पाच शुक्रवार केले. पण लिंबाएवढी सांगितलेली गाठ पेरूएवढी होती, आणि काढणाऱ्यांनी भोवतालचंही सढळ हातानं काढलं. "वर्षभरात भरून येईल," ते डॉक्टर म्हणाले.

तोवर आईनं शिवायला घेतलं. डाव्या बाजूला आतून पॅड, त्यावर अस्तर, आणि वरून असा कट, की शेजारी बसणाऱ्या बाईलाही काही कळू नये. कराडात कुणालाही कळलं नाही. दर दिवाळीला ती मला दुकानाच्या पडद्याआड उभी करून नवं माप घ्यायची आणि बाहेर बसलेल्या शालनमावशीला आकडे ओरडून सांगायची. मावशी ते वहीत उतरवायची. पहिल्या वर्षी पॅड सव्वा इंच होतं. मग एक झालं. मग पाऊण.

"बघ," आई टेप गळ्यात टाकत म्हणायची, "भरतंय."

"होय गं," मी म्हणायची.

सहाव्या दिवाळीला पॅड अर्ध्या इंचावर आलं. त्याच महिन्यात एकदा जेवताना मी तिला सांगितलं, की मला ऑपरेशन करून डावी बाजू भरून घ्यायची आहे. पैसे साठवलेत, माहिती वाचलीय, फक्त डॉक्टर ठरवायचाय.

"अर्ध्या इंचासाठी?" आईचा घास हातातच राहिला. "अर्ध्या इंचासाठी अंगाला सुरी लावून घेणार? आणखी दोन दिवाळ्या थांब की. राहिलेलंही भरेल."

यावर मला एकच उत्तर देता आलं असतं, आणि ते द्यायचं नव्हतं. म्हणून मी दुसरं दिलं. तेही खरंच होतं.

"आई, मला दुकानातून कुर्ता घ्यायचाय. हँगरवरचा. काढायचा, अंगात घालायचा आणि बाहेर पडायचं."

"रेडीमेड?"

मी चोरून दारू पिते असं सांगितलं असतं, तरी तिचा आवाज एवढा पडला नसता. चार दिवस घरात फक्त मशिनचा आवाज होता. शालनमावशी मधल्या मधे निरोप नेत होती. "तुझी आई विचारतेय, माझ्या शिलाईत काय कमी पडलं?" मी म्हटलं, "तिला सांग, काही नाही." मावशी आत जाऊन परत आली. "ती म्हणतेय, मग?"

पाचव्या दिवशी आईनं ट्रंकेतली चांगली साडी काढली. "डॉक्टर मी बघणार," ती म्हणाली. "तू नुसतं बरोबर यायचं."

कोल्हापूर झालं. मग पुणे. तिथल्या डॉक्टरीणबाई फार गोड होत्या. त्यांनी पडद्यावर आधीचे आणि नंतरचे फोटो दाखवले. सगळे देखणे. आईनं ते लग्नाचा अल्बम बघावा तसे शेवटपर्यंत पाहिले आणि मग आपला प्रश्न विचारला.

"अहो काकू," बाई हसल्या, "आमच्याकडं तसं काही होतच नाही. आमचे शंभर टक्के पेशंट समाधानी आहेत."

जिना उतरताना आई म्हणाली, "शंभर टक्के गिऱ्हाईक खूश? माझी सख्खी नणंद तीस वर्षांत एकदा खूश झाली नाही."

"त्या बाई निदान नीट बोलल्या तरी."

"नीट बोलायला मला माणूस नकोय. नीट कापायला पाहिजे."

तिसरे मिरजेचे डॉक्टर आवटी. पन्नाशीचे, बारीक अंगाचे, खोलीत फोटो नाहीत, भिंतीवर फक्त एक कॅलेंडर. त्यांनी आधी मला विचारलं, "तुम्हाला नेमकं काय पाहिजे?" मी हँगरवरच्या कुर्त्याचं सांगितलं. आईनं शेजारी लांब श्वास सोडला. डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. खरोखर लिहिलं, 'रेडीमेड कुर्ता'.

मग आईनं विचारलं.

डॉक्टर आवटी उठले, कपाटातून एक फाइल काढली आणि तिच्यातला चेहरा नसलेला एक फोटो आमच्यासमोर ठेवला. काय बिघडलंय ते सांगायची गरज नव्हती. एक बाजू दुसरीपेक्षा बोटभर वर बसली होती.

"अकरा वर्षांपूर्वीचं. पुन्हा उघडावं लागलं."

"चूक कुणाची?" आईनं विचारलं.

"माझी. खुणा पेशंट आडवी असताना केल्या होत्या."

"आणि आता?"

"आता उभं करून करतो."

"माप उभ्यानंच घ्यायचं असतं," आई म्हणाली आणि तिनं खुर्ची टेबलाजवळ ओढली. बारा दिवसांत पहिल्यांदा तिचे खांदे सैल झालेले मी पाहिले.

पुढं डॉक्टर एकेक तोटा सांगत गेले. हे जन्मभराचं नसतं, दहा-पंधरा वर्षांनी बदलावं लागू शकतं. कधी आत कडक होतं. मधूनमधून सोनोग्राफी करत राहावी लागते. काही आठवडे हात वर करायचा नाही, वजन उचलायचं नाही. प्रत्येक तोट्याला आई मान डोलवत होती, जणू स्थळाकडची माणसं मुलाचे गुण सांगत होती.

"आता सांगा," डॉक्टर मला म्हणाले, "ब्लाउजमध्ये सध्या पॅड किती जाडीचं घालता?"

आई हातातल्या पर्सची चेन उघडझाप करू लागली. मी तिच्याकडं न बघता म्हणाले, "अर्धा इंच."

त्यांनी लिहिलं. मग आतल्या खोलीत, नर्स आणि आई समोर असताना, त्यांनी मला भिंतीला टेकून उभं केलं आणि टेपनं दोन्हीकडची मापं घेतली. बाहेर येऊन ते कागदाकडं बघत बसले.

"तुमचा अर्धा इंच आणि माझं माप जमत नाही. दुपटीहून जास्त फरक येतोय. आत केवढं बसवायचं त्यात मला चूक नकोय. एकदा उघडलेलं परत उघडायला मला आवडत नाही. नीट आठवून सांगा."

"अर्धाच," मी म्हणाले.

"नक्की?"

"वहीत लिहिलेलं आहे."

डॉक्टर पुन्हा टेप घ्यायला उठले. तेवढ्यात आई म्हणाली, "तिचं ऐकू नका, डॉक्टर. सव्वा आहे."

डॉक्टर पुन्हा खाली बसले.

"पॅड अर्ध्याचं आहे," आई टेबलाकडं बघत म्हणाली, "पण वरच्या अस्तरात थर आहेत. दर दिवाळीला पॅड पातळ करत गेले आणि तेवढं अस्तरात घालत गेले. हिला वाटावं भरतंय म्हणून. त्या आधीच्या डॉक्टरांनी सांगितलेलं, भरून येईल. येईना. मग मीच भरत गेले."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"तो डॉक्टर मीच ठरवलेला. त्याची बायको माझं गिऱ्हाईक. सरळ मापाची, चांगली बाई. म्हटलं, नवराही चांगला असणार. काही विचारलं नाही, काही बघितलं नाही. दहा रुपयांची लेस घेताना चार दुकानं फिरणारी मी." ती थांबली. "हिला हे अस्तराचं माहीत नाही."

"माहीत आहे," मी म्हणाले.

आईनं मान वळवली.

"दुसऱ्याच वर्षी धुताना एका ब्लाउजचं अस्तर सुटलं होतं. आणि आई, आपल्या घरात आरसा आहे."

"मग 'होय गं, होय गं' म्हणायचीस ती?"

"तू एवढी खूश व्हायचीस."

"आणि आत्ता? डॉक्टरांसमोर? चुकीचं माप सांगत होतीस? अंगात घालायच्या वस्तूचं?"

"तू शेजारी बसली होतीस ना."

डॉक्टर आवटींनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे इतकी वर्षं तुम्ही दोघी एकमेकींना खोटं माप सांगत होता?"

"होय," आम्ही दोघी एकदमच म्हणालो.

आधी आईच हसली. पदर तोंडाला लावून, खांदे हलवत. मग मला आवरेना. नर्सनं दार ढकलून आत बघितलं आणि पुन्हा लावून घेतलं. आईच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ते कसलं होतं ते तिनं मला बघू दिलं नाही.

"मग मी सव्वा लिहू?" डॉक्टरांनी विचारलं.

"लिहा. पुन्हा तुमच्या टेपनं बघा आणि मगच लिहा."

डॉक्टर ठरला. पण केवढं बसवायचं, हे राहिलं होतं. डॉक्टरांनी जवळजवळचे तीन आकार सांगितले आणि म्हणाले, की काहीजणी घरी तेवढ्या मापाच्या पिशव्या करतात, तांदूळ भरून काही दिवस आत घालून बघतात, म्हणजे अंदाज येतो. शेवटचा आकार ते स्वतः ठरवणार होतेच. पण आईला एवढं पुरेसं होतं.

पुढचा आठवडा आमच्या स्वयंपाकघरात हेच काम चाललं होतं. तांदूळ नापास झाला. "टोचतो, आणि बसला तिथं बसतो. अंगासारखा हलत नाही." साबुदाणा घामानं चिकटेल म्हणून बाद. राजगिरा शिवणीतून सांडत होता. शेवटी मोहरी. आईनं मोहरीची पिशवी तळहातावर घेऊन हलवली, डोळे मिटले आणि म्हणाली, "ही. हिला चाल आहे." शालनमावशीचे ताकद यायचे सगळे काढे डॉक्टरांनी बंद करायला सांगितले होते, त्यामुळं ती रुसली होती. पण मोहरी बघून तिचा रुसवा गेला. "ऑपरेशनचा खर्च कशाला मग? फोडणीचीच घालून फिर जन्मभर."

तीन आकारांच्या तीन पिशव्या, तीन रंगांच्या दोऱ्यांनी शिवलेल्या. प्रत्येक पिशवी पाच दिवस घालून मी कॉलेजला जायचं, असं ठरलं. लाल दोऱ्याची लहान वाटली. निळ्या दोऱ्याची तिसऱ्या दिवशी फुटली.

मला कळलंच नाही. मी संदर्भविभागात पुस्तकं लावत होते. मागून आमचे शिपाई सावंतमामा झाडू घेऊन येत होते.

"मॅडम, ही मोहरी कुठनं येतीय?"

मी खाली बघितलं. दारापासून माझ्या पायापर्यंत बारीक काळी रेघ होती, इतिहासाच्या कपाटाला वळसा घालून आलेली.

"उंदीर असतील, मामा."

"उंदीर मोहरी न्हेत्यात व्हय?"

"पुस्तकं खाणारे वेगळे असतात."

मामांना ते पटलं असावं. त्यांनी दुसऱ्या दिवशी पिंजरा लावला. मी उरलेला दिवस छातीशी एक जाडजूड शब्दकोश धरून काढला आणि घरी जाऊन आईसमोर रिकामी पिशवी ठेवली. तिनं शिवण बघितली आणि तिचं तोंड उतरलं. एक टाका मागं घ्यायचा राहिला होता. ती पिशवी त्याच संध्याकाळी पेटीत गेली. नवी शिवली, ती मात्र बरोबर बसली. डॉक्टरांनीही मापं घेऊन तोच आकार पक्का केला. आई कितीतरी दिवस गिऱ्हाइकांना नुसतंच सांगत होती, "माझा आणि मिरजेच्या डॉक्टरांचा अंदाज एक आला." कशाचा, ते कुणाला सांगितलं नाही.

ऑपरेशनच्या सकाळी डॉक्टर आवटींनी मला उभं करून जांभळ्या पेनानं खुणा केल्या. त्यांनी आईला आत थांबू दिलं. ती दोन पावलं मागं गेली आणि कापायच्या टेबलापाशी उभी राहते तशी एक डोळा मिटून बघू लागली.

"डावी रेघ केसभर खाली आहे."

डॉक्टरही मागं सरले. "रेघ बरोबर आहे. यांनी खांदा झुकवलाय."

"भ्यालीय," आई म्हणाली. "पद्मे, सरळ उभी राहा."

मी सरळ उभी राहिले.

"हां," दोघंही म्हणाले.

मला आत नेताना ती स्ट्रेचरबरोबर दारापर्यंत आली. माझ्या कपाळावरचे केस तिनं मागं केले. "मी बघितलाय त्याचा बिघाड," ती म्हणाली. "काही होत नाही."

घरी सोडायच्या दिवशी तिनं माझ्या मांडीवर एक कागदी पिशवी ठेवली. आत गुलबक्षी रंगाचा कुर्ता होता, दुकानाची पट्टी लटकत असलेला. पुढून उघडणारा, म्हणजे हात वर करायला नको.

"तू रेडीमेडच्या दुकानात गेलीस?"

"गेले. तोंडावर पदर घेऊन. तरी त्या बागडेच्या सुनेनं बघितलंच."

नर्सनं तो मला अलगद चढवला. डावीकडं, उजवीकडं, सगळीकडं सुती कापड होतं आणि आत मी होते, बाकी काही नव्हतं. मी कड उलटून बघितली. दोन्ही बाजूंना आतून दुहेरी, बारीक, ओळखीची टीप होती.

"आई, ही शिवण?"

"रेडीमेडच आहे," ती म्हणाली. "तेवढं बघवेना."

आई गेली त्याला आता अकरा महिने झाले. या पावसाळ्याआधी मी आणि शालनमावशीनं दुकान आवरायला काढलं. मशिनं मावशी नेणार होती, टेबलही. शेवटी आम्ही पेटी ओढली. सगळ्यात वर निळ्या दोऱ्याची मोहरीची पिशवी होती, चपटी झालेली. तिच्याखाली जुन्या वर्तमानपत्रात बांधलेलं एक गाठोडं होतं. मावशीनं ते सोडलं.

माझे ब्लाउज होते. सहा दिवाळ्यांचे सहा. नीट इस्त्री केलेले, प्रत्येकाला वर्षाची चिठ्ठी टाचलेली.

"हे मी ठेवलेले नाहीत," मावशी म्हणाली.

मी शेवटच्या वर्षाचा ब्लाउज उचलला आणि अंगातल्या कुर्त्यावरूनच चढवला. डावी बाजू टम्म फुगून पुढं आली.

"अगं बाई, काय ध्यान दिसतंय!" मावशी खदखदून हसली. दुकानाच्या आरशात बघून मीही हसले. मग मावशीनं डोळे पुसले आणि म्हणाली, "उसव की. अस्तरातलं काढलंस तर बसेल अजून. कापड चांगलंय."

"ब्लेड दे."

तिनं टेबलाच्या खणातून ब्लेड काढलं, पण दिलं नाही. मुठीत धरून ठेवलं आणि आईसारखीच मान वाकडी करून विचारलं, "आधी सांग. काय चुकलंय?"

मी ब्लाउज काढला, उलटा केला आणि उजेडात धरला. अर्ध्या इंचाचं पॅड. त्यावर कापडाचे थर, एकावर एक, कडेला उतरत गेलेले, कुठंही गाठ नाही, कुठंही सुरकुती नाही. मी बराच वेळ बघत होते.

"काही नाही चुकलेलं," मी म्हणाले.

मावशीनं ब्लेड खणात ठेवलं आणि खण लावला. "मग ते पेटीत ठेवू नकोस," ती म्हणाली.

मी सहाही पिशवीत घातले आणि घरी आणले.